मागच्या भिंतीचे दोन पैसे

एप्रिल १९९६, तिसरा रविवार, सकाळी साडेसात. हजर: मी, माझे पती, मावशी, मावशीचे दोन पुतणे आणि साक्षीला मावशीच्या शेजारचे निवृत्त पोस्टमन. सामान: धातू शोधायचं यंत्र, पन्नास फुटी टेप, चार खुंट्या, टिकाव, खोरं, माझी वही. साडेनऊपर्यंत या सहांपैकी चौघांना दवाखान्यात न्यावं लागलं. मी त्यांच्यात नव्हते. मी मारणाऱ्यांत होते.

मावशीचं गाव शेवगाव रस्त्याला. तिला मूलबाळ नाही. त्या रविवारच्या दोन वर्षं आधी तिचं मातीचं घर पडलं आणि ती आमच्याकडे नगरला राहायला आली. तेवढ्यात पुतण्यांनी वासे, दारं उचलून नेली, भिंती सपाट केल्या आणि त्या जागेवर उकिरडा केला. मागे नवा गोठा बांधला. मग मावशीच्या नावानं घरकुल मंजूर झालं. बुधवारी ग्रामसेवक जागा मोजायला येणार होते. पुतणे म्हणत, काकीचं घर कडुनिंबापर्यंतच, एका खणाचं. मागचं सगळं आमचं. तेवढ्या जागेत घरकुल बसत नव्हतं. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर होतं, माप नव्हतं.

मावशी म्हणाली, "पाया भरला तवा चारी कोपऱ्यांत मी माझ्या हातानं भोकाचा पैसा घातलाय. पैसा घावला की भिंत घावली."

माझे पती लष्करातून निवृत्त झालेले. भंगाराच्या लिलावात त्यांनी एक जुनं यंत्र घेतलं होतं. शेतात पुरलेले पाइप शोधून द्यायला ते आसपासच्या गावांत जात. त्या दिवशी ते कानाला हेडफोन लावून उकिरड्यावर उभे राहिले आणि मी वहीत तीन रकाने आखले: जागा, खोली, काय निघालं.

पहिल्या तासात निघालं ते असं. दाढीची ब्लेडं, त्यातल्या एकानं पतीची दोन बोटं कापली. टॉर्चचे सेल, बाटल्यांची बुचं, सायकलची चेन, गुटख्याच्या पुड्यांचा लगदा. आणि चुका, बारीक खिळे. मूठ मूठ चुका, नव्या कोऱ्या, गंजाचा ठिपका नाही. यंत्र फसावं म्हणून कोणीतरी त्या मुद्दाम पेरल्या होत्या.

थोरला पुतण्या गोठ्याच्या दारात तंबाखू मळत उभा होता. "काय दाजी, मिल्ट्रीत बाम्ब शोधायचे, आता उकिरडा हुंगाया लागले व्हय?"

"बाँब बरा. गप पडून राहतो," पती म्हणाले.

"हुंगू दे की," मावशी म्हणाली. "तुमी तर निस्ते त्यावर बसलाय."

साडेआठला रस्त्याकडच्या कोपऱ्याचा दगड लागला. दगडाखाली, दीड फुटावर, हिरवा पडलेला भोकाचा पैसा. मावशीनं तो पदरानं पुसला आणि परत तिथंच ठेवायला लावला. दुसरा कोपरा वीस मिनिटांत सापडला. पोस्टमनकाकांनी टेप धरली, बावीस फूट भरले. मी दोन खुंट्या ठोकल्या. घराची पुढची भिंत मिळाली. आता कडुनिंबाच्या मागे जायचं होतं.

थोरल्यानं येऊन यंत्राच्या तबकडीवर पाय दिला. "हितनं पुढं गेला तर तंगडं मोडीन."

"मागचे दोन पैसे हितंच हायेत," मावशी म्हणाली.

"न्हाईत!" धाकटा ओरडला. "मागचे दोन्ही आमीच काढले की, गोठ्याचा पाया खांदताना! एक माझ्या पोरीच्या करदोट्याला बांधलाय, जा बघ जा!"

आपण काय बोललो ते धाकट्याला कळायच्या आत थोरल्यानं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. पहिला फटका भावानं भावाला मारला. धाकट्याचा ओठ फाटला.

"लिहून घे, पोरी," मावशी म्हणाली.

मी वेळ टाकली, नऊ वाजून दहा मिनिटं, आणि धाकट्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. थोरला वहीवर आला. पती मधे पडले. थोरल्यानं आमचंच खोरं उचलून त्यांच्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मावशीनं अर्धी वीट फेकली, ती थोरल्याच्या भुवईवर बसली आणि त्याचा डोळा रक्तानं भरला. तेव्हा धाकट्यानं मावशीचा अंबाडा धरला आणि पासष्ट वर्षांच्या बाईला त्या ब्लेडांवरून फरफटत नेलं. मी टिकाव उलटा धरला आणि दांडा त्याच्या पाठीत घातला. मग खांद्यावर. त्यानं केस सोडले. तिसऱ्या फटक्याची गरज नव्हती. तोही मी घातला.

एवढा वेळ पोस्टमनकाका टेप गुंडाळत होते. सगळं थांबेपर्यंत ती गुंडाळून झाली नव्हती.

सरकारी दवाखान्यात दोन्ही पक्ष एकाच बाकावर बसले. थोरल्याच्या भुवईला टाके, धाकट्याच्या ओठाला टाके, मावशीच्या डोक्याला आणि कोपराला टाके, पतींच्या हाताला प्लास्टर. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत थोरला म्हणाला, "अक्का, तुमचं खोरं आमच्यात राहिलंय. न्या." पोलिसांत कोणीच गेलं नाही. गेलो असतो तर माझंही नाव लागलं असतं.

बुधवारी ग्रामसेवक आले. पुढचे बावीस फूट त्यांनी लिहून घेतले. "मागची हद्द?" मी वहीतलं ते वाक्य दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "पैसे गोठ्याच्या पायात निघाले म्हणजे घर तिथवर होतं, हे मलाही कळतं. पण साक्षीदाराची सही कुठंय?"

पोस्टमनकाका म्हणाले, "ऐकलं मी. खोटं कशाला बोलू? पण मला इथंच राहायचंय, ताई. सही नंतर करतो."

या गोष्टीला दोन वर्षं झाली. घरकुल रद्द झालेलं नाही, मिळालेलंही नाही. मावशीच्या डोक्यावर जिथले केस उपटले गेले तिथे परत आले नाहीत. ती महिन्यातून एकदा विचारते, "केली का त्यानं सही?" आतापर्यंत मी पाच वेळा जाऊन आले. दर वेळी त्यांनी चहा दिला. पान दाखवलं की चष्मा सापडत नाही. सही अजून घ्यायची आहे.