नानांची सीताखाई आणि पाण्याचा वार

सराव म्हणून उभारलेल्या तंबूचा चौथा खुंटा मी ठोकला आणि आधारनानांच्या अंगणात कारंजं उडालं.

पहिल्या क्षणी नाना खूशच झाले. "पानी उनं!" असं ओरडून ते सवयीने मोटारीच्या बटणाकडे धावले. अर्ध्या वाटेत थबकले, वळले, आणि त्यांच्या लक्षात आलं की पाणी आलंय खरं, पण टाकीत नाही, तंबूत. वीतभर खोल पुरलेली नळाची लाईन मी बरोबर मधोमध भोसकली होती.

"हाई काय करं रे मास्तर?"

मी हातोडी पाठीमागे लपवली. त्याचा काही उपयोग नव्हता. प्लंबर येईपर्यंत नळ गेला होता, टाकीत खडखडाट होता आणि तोरणमाळची सहल पुन्हा एकदा पुढे ढकलली गेली होती.

धुळ्याच्या कडेला असलेल्या आमच्या कॉलनीत पाणी आठवड्यातून एकदा येतं. कधी सातव्या दिवशी, कधी नवव्या. साखरपुडा असो की बारसं, आधी पाण्याचा वार बघायचा, मग पंचांग. आणि नाना तर या बाबतीत कॉलनीचे मुख्य अभियंता. तेहतीस वर्षं दीपनगरला वीज केंद्रात शिफ्टमध्ये नोकरी केलेली. तिथे बॉयलरचे काटे बघितले, इथे आल्यावर पाण्याचे. निवृत्तीनंतर माणूस आराम करतो म्हणतात. नाना फाटकापासून मीटरपर्यंत आणि मीटरपासून फाटकापर्यंत चालत राहतात. खुर्चीत बसले तरी एक पाय हलत असतो. पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, जोर कसा होता, सगळं वहीत. मोटारीच्या खोलीची किल्ली कंबरेला. ती त्यांनी पोटच्या पोरीलाही दिली नाही, मग माझ्यासारख्या भाडेकरू मास्तराची तर बातच सोडा.

अशा माणसाला सहलीला न्यायचं कुणाच्या मनात आलं? तर नानांच्या बायकोच्या, लिलाबाईंच्या. आमच्या अक्का. बोलायला मोजक्या. दीपनगरात असताना प्रत्येक सुट्टी शिफ्टने खाल्ली, तोरणमाळची सीताखाईची दरी बघायचं राहूनच गेलं. अक्कांनी कधी हट्ट केला नाही. पण गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि दवाखान्यातून येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सीताखाई देखी लेऊ. एक रात तंबूमा झोपसू. मंग पाय कापा नाहीतर ठेवा."

बस. नाना त्या दिवसापासून पेटले. मुलगी मृणालीने पुण्याहून तंबू पाठवला. नानांनी वहीचं नवं पान उघडलं. दोन बॅटऱ्या, त्या बंद पडल्या तर तिसरी. दोर चाळीस फूट. अक्कांना खाली बसता येत नाही म्हणून घडीची खुर्ची. दरीच्या कठड्यापर्यंत गाडी किती जवळ जाते, हे विचारायला तलावाजवळच्या तंबूवाल्याला सात फोन. आठव्या फोनला तो म्हणाला, "नाना, तुम्ही या तर खरे, मी खाई जवळ सरकवतो."

आता राहिला वार. ऑपरेशन मंगळवारी. कारंज्याने ठरलेला वार बुडवलेला. नानांनी पाणी सोडणाऱ्या पितांबरला घरी बोलावून चहा पाजला, शेव-मुरमुरे दिले.

"खरं सांग, शनवारे की रईवारे?"

"रईवारे, दुपारनंतर, नाना. लिखी ल्या."

नानांनी खरंच लिहून घेतलं. म्हणजे शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारच्या आत परत. टाकीत विकतच्या टँकरचं हातभर पाणी उरलेलं. ऑपरेशनला पाहुणे येणार, दोन महिने अक्का खाटेवर. रविवारचं पाणी चुकलं तर पुन्हा टँकर. नाना शुक्रवारभर टाकीवर चढत-उतरत होते, जणू बघून बघून पाणी वाढणार होतं.

शनिवारी सातला निघालो. गाडी माझी, चालवणाराही मीच. नाना शेजारी, मागच्या सीटवर पाय लांब करून अक्का, मांडीवर भाकरी-ठेच्याचा डबा. सोनगीर येईस्तोवर नानांनी काच तीनदा खाली-वर केली, घड्याळ पाच वेळा पाहिलं.

आणि फोन वाजला. शेजारच्या अभिमनचा. तो फोनवर बोलत नाही, हाका मारतो, त्यामुळे गाडीभर ऐकू गेलं.

"नाना! नळ उना! जोर असा शे की बादली पळी ऱ्हायनी! कोठे शेत तुम्ही?"

नानांचा हात कंबरेच्या किल्लीवर गेला; ती इथे, म्हणजे तिकडे मोटार कुणालाच सुरू करता येणार नव्हती. फोन बंद केला. गुडघा हलायला लागला, दोन्ही. सोनगीर मागे पडत होतं. परतायला अर्धा तास. आत्ता वळलो तर शेवटचं पाणी तरी सापडेल, हा हिशेब त्यांच्या ओठांवर मला दिसत होता.

अक्कांनी मागून डब्याचं झाकण घट्ट लावलं. "वळावा गाडी," त्या शांतपणे म्हणाल्या. "खाई काय पळी जाई का?"

आवाजात रुसवा नव्हता. तेहतीस वर्षांची सवय होती. नानांनी आरशात पाहिलं. अक्का दरीवरच्या थंडीसाठी घेतलेली शाल काढून घडी घालत होत्या, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. नाना बघत राहिले. गुडघे थांबले.

पुढे रस्त्याच्या मधोमध वळायची जागा आली. मी वेग कमी केला, उजवा दिवा लावला.

"नाना, वळवू?"

"पानी परत येई, तू पुढे देख."