पळसाच्या पानांचा माणूस

मुलांनो, तुमच्यापैकी थोरल्याने परवा फोनवर हसत सांगितलं, की नव्या नोकरीच्या करारावर न वाचताच सही केली. काम सरकारी सुरक्षेच्या माहितीचं आहे, जास्त विचारू नको आजी. मी विचारलं नाही. पण तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत पूर्वी भाड्याने राहणारी मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे लिहिते.

तिचं घर डोळखांबच्या वरच्या एका पाड्यात. शहापुरात ती एका कंत्राटदाराकडे कामाला होती. त्याला काम दुसऱ्याने दिलेलं, त्या दुसऱ्याला तिसऱ्याने, आणि सगळ्यांच्या वर सरकार. ठिकठिकाणच्या कॅमेऱ्यांचं चित्रण पाहून, माणूस नुसत्या चालीवरून कसा ओळखावा हे संगणकाला शिकवायचं. एवढं करारातच लिहिलं होतं. हळूहळू ती बोलताना माणसांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली. मी अंगणात पाठमोरी असले की म्हणायची, "आजी, आज तुमचा डावा पाय जड पडतोय." पाय खरंच दुखत असायचा. मला ते आवडत नसे.

तिचा मोठा भाऊ वीटभट्टीवर म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. पोलिसांत कळवून झालं, भगताला विचारून झालं. आई रोज वाट बघत होती.

एका संध्याकाळी मुलीने कराराची इंग्रजी पानं माझ्यापुढे ठेवली. "आजी, समजा कोनाला तिथं घरचंच मानूस चालताना दिसलं तर?"

मी तिला तिथेच थांबवलं. पुढचं तिने सांगितलं असतं, तर ती कायद्यात सापडली असती, आणि कदाचित मीही. कलम स्पष्ट होतं: जे दिसेल ते कुटुंबालाही सांगायचं नाही, बोलून, लिहून किंवा खुणेने. नोकरी सुटली तरी नाही. आम्ही वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, सल्ला हवा तर काय पाहिलं ते सांगावं लागेल, आणि सांगणं हाच गुन्हा ठरू शकतो. वरिष्ठांना लेखी कळवायची एक वाट करारात होती. तिने कळवलं. तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं, आणि तिने काहीच पाहिलेलं नाही, असं तिलाच सांगण्यात आलं.

इकडे पाड्यातल्या जाणत्यांनी ठरवलं, की मुलाचा जीव भटकत असणार, त्याचे विधी उरकावेत. मुलीने मला सोबत यायला सांगितलं. ओढ्याकाठी देहाच्या जागी जाळायला पळसाच्या पानांचा माणूस केला होता. डोक्याच्या जागी नारळ, अंगात भावाचा सदरा. वारा नव्हता, तरी पानं एकमेकांवर घासल्यासारखी वाजत होती. बायका रडत होत्या. मुलगी कोरड्या डोळ्यांनी त्या पानांच्या पायांकडे बघत उभी होती.

आईने तिच्याकडे पाहिलं आणि रडणं थांबवलं.

"गो, तू रडत का नायस?"

मुलगी बोलली नाही. मान हलवली नाही, नजरही वर केली नाही. आई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग पुढे होऊन तिने पुतळ्याच्या अंगातला सदरा काढून घेतला.

"पेटवू नका. ह्यो माजा पोर नाय."

"मंग कोन हाय? पळस?" तिचा दीर चिडून म्हणाला.

"व्हय, पळस."

ती सदरा छातीशी धरून घराकडे चालू लागली. कोणी अडवलं नाही.

घरी येऊन मी कराराची ती पानं पुन्हा वाचली. बोलण्याला बंदी होती, खुणेला होती. न रडण्याबद्दल काही नव्हतं.

भाऊ अजून आलेला नाही. आई आता बांधावर बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघते, आणि लेकीला एका शब्दाने विचारत नाही. मुलगी मुरबाडला एका दुकानात काम करते. तो कंत्राटदार गाशा गुंडाळून गेला, त्याच्या ऑफिसात आता शिकवणी चालते. गुप्ततेचं कलम मात्र अजून लागू आहे.