सिग्नल अकरा आणि नलूबाई

आमच्या लॅबमधला धनंजय कामात पक्का होता, पण माणसांवर विश्वास ठेवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. डब्यात पोळी कमी वाटली तरी तो आधी माझ्याकडे बघायचा. वर्ध्याच्या एका खासगी कॉलेजात आम्ही दोघं कॉम्प्युटर लॅब सांभाळत होतो.

२००२ च्या दिवाळीआधी मुलांच्या प्रोजेक्टसाठी लिनक्सवर नवा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, हवा होता. तयार मिळेना, म्हणून धनंजयनं सीडीवरून त्याचा मूळ कोड घेतला आणि लॅबमधल्या सगळ्यात चांगल्या मशीनवर त्यातून कंपायलर बनवायला, म्हणजे बिल्ड, लावला. मशीन एकेक फाइल घेत तासन्‌तास चालायचं आणि मध्येच ‘सिग्नल अकरा’ असा संदेश देऊन थांबायचं. सीडी बदलली, डिस्कवर जागा मोकळी केली, सगळं पहिल्यापासून लावलं. तरी तेच.

“कोणीतरी हात लावून राह्यला याले,” तो म्हणाला. त्यानं कीबोर्ड कपाटात कोंडला आणि संध्याकाळी दाराच्या फटीत कागद खोचला. सकाळी कागद खाली पडलेला. लॅब झाडणारी नलूबाई आमच्या आधी येऊन दार उघडणारच ना! पण याला चोर सापडला.

“म्या तं फक्त फरशी पुसली, सर,” नलूबाई म्हणाली. “त्या डब्ब्याले बोट नाई लावलं.”

धनंजयनं तिच्या ठेकेदाराकडे लेखी तक्रार दिली. साक्षीदार म्हणून मी सही केली. का केली, विचारू नका. आजही स्वतःचा राग येतो. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं. घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालत होतं.

ती गेल्यावरही सिग्नल अकरा आलाच. मग मी सगळे संदेश शेजारी शेजारी ठेवून पाहिले. बिल्ड दर वेळी वेगळ्याच फाइलला तुटला होता. कोडच चुकीचा असता तर रोज एकाच जागी अडला असता; म्हणजे दोष मशीनच्याच आत होता.

“मेमरी पाह्य बरं,” मी म्हटलं.

झाकण काढलं. मेमरीच्या पट्टीवर कुंकू होतं, खाचेत बसणाऱ्या खालच्या सोनेरी दातांपर्यंत ओघळून वाळलेलं. दसऱ्याला आम्ही मशीनांची पूजा करतो. बाकीच्यांना बाहेरूनच टिळा लागला होता. या लाडक्या मशीनचं मात्र झाकण काढून धनंजयनं ओलं बोट थेट आत टेकवलं होतं. “डोक्यालेच लावा लागते,” असं तेव्हा म्हणालाही होता, आणि मी हसलो होतो.

खोडरबरानं दात घासले, पट्टी परत बसवली. बिल्ड शेवटपर्यंत गेला. आनंद कुणालाच झाला नाही. धनंजय तसाच उठून बोरगावला नलूबाईच्या घरी गेला, ठेकेदारासमोर चूक कबूल केली आणि तिला परत आणलं. एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे.

नलूबाई पुन्हा येऊ लागली. पण आता फरशी पुसून झाली, की आम्ही येईपर्यंत ती दारातच थांबायची आणि धनंजय दिसला की दोन्ही रिकामे हात पुढे करायची.

“पाहून घ्या, सर. मंग म्हणू नका.”

“असं नका करू, बाई,” तो मान खाली घालून म्हणायचा. ती वळली, की जाऊन मशीनचं झाकण चाचपून बघायचा.