एडक्यांचं फाटक

नेरिडा हॅस्लप रोज खोटं बोलायची, आणि तेही गळ्यात नगरपरिषदेचा बिल्ला अडकवून.

हॅलोरन गावातून निघालेला तांबड्या मातीचा रस्ता हाडं खिळखिळी करत माणसाला त्या पत्र्याच्या छपराखाली आणून सोडतो. आत कठड्यापलीकडे खडकाची तिरकी लादी आहे आणि तिच्यावर डायनासोरांच्या पाऊलखुणा, काही कोंबडीच्या पायाएवढ्या, काही टोपलीएवढ्या. लोक घामानं निथळत, तोंडावरच्या माश्या वारत आत यायचे. मग नेरिडा सांगायची, "दहा वर्षांचा केल्विन टनस्टॉल हरवलेलं कोकरू शोधत या घळीत उतरला, आणि त्यानं या पहिल्यांदा पाहिल्या." दहा वर्षांचा मुलगा म्हटलं की बायका विरघळायच्या. हरवलेलं कोकरू म्हटलं की पुरुषसुद्धा चष्मे पुसायला लागायचे. खरं तर ते कोकरू कुठल्याशा वार्ताहरानं मध्येच घुसडलेलं होतं, आणि केल्विन त्या दिवशी गालगुंड होऊन घरी पडला होता.

बाकी बाबतीत ती कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हती. "या खऱ्या आहेत का हो?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "छे! मीच कोरल्या. उन्हाळ्यात इथं काळं कुत्रं फिरकत नाही, वेळ जाता जात नाही." कुणी कठड्यावरून वाकलं की, "ए, मागे हो. तू पडलास तर तुझा ठसा कुणी जपून ठेवणार नाहीये." लोक हसायचे. नेरिडा म्हणजे मोठी गमतीदार बाई, असं गावाचं मत होतं.

त्या पाऊलखुणा तिनं पाहिल्या होत्या. बारा वर्षांची होती. तिच्या बापाचं, टनस्टॉलांचं रान तेव्हा मेंढ्यांचं होतं, आणि त्या रानात एकच कायदा होता: फाटक जसं दिसलं तसं सोडायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. चोरी माफ होईल, फाटक माफ नाही. ऑगस्टाच्या सुरुवातीला ती घोडीवरून, मेंढ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या एडक्यांच्या कुंपणाकडे गेली, फाटक उघडून घोडी आत घेतली, आणि परत फिरून कडी लावणार तेवढ्यात घळीत तिरप्या उन्हात सावली धरलेलं काहीतरी दिसलं. तीन बोटांचा पाय. पुढे आणखी एक, आणि आणखी एक. पोर घोडी तशीच सोडून घळीत उतरली आणि त्या पावलांमध्ये स्वतःचे पाय ठेवत किती वेळ चालत राहिली देव जाणे. फाटक तिच्या ध्यानातूनच गेलं.

एडके मेंढ्यांमध्ये शिरले. म्हणजे पाच महिन्यांनी, ऐन नाताळात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, रणरणत्या उन्हात, रानात गवताची काडी नसताना कोकरं जन्माला आली. आयांना दूध नव्हतं. कावळे वरून नुसती वाट बघत बसायचे आणि डोळे आधी काढायचे. बाप सकाळी बंदूक घेऊन निघायचा आणि दुपारी न जेवता पडवीत बसून राहायचा. "ज्यानं ते फाटक उघडं टाकलं तो मला सापडू दे," एवढंच म्हणायचा. नेरिडानं तोंड शिवून टाकलं. पावलं तिनं फक्त धाकट्या भावाला, केल्विनला, म्हणजे केलला दाखवली होती, गुपित म्हणून.

पुढच्या थंडीत शाळेची बाई फिरतीवर आली. तिकडे शाळा रेडिओवरून भरते, बाई वर्षातून एकदा प्रत्यक्ष दिसते. तिच्यापुढे शेखी मिरवायला केल म्हणाला, "मला दगडातली कोंबडीची पावलं माहीत आहेत." बाईनं ती पाहिली, शहरात कळवलं, आणि महिन्याभरात संग्रहालयाची टोपीवाली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. त्यांच्या देखत बापानं विचारलं, "कधी पाहिलीस रे?"

"एडके सुटले ना, त्या दिवशी," केल म्हणाला.

त्या दिवशी तो गालगुंडानं अंथरुणात होता, हे वर्षभरानंतर कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. आईच्या हातातली किटली हातातच राहिली.

"म्हणजे फाटक तू उघडं टाकलंस होय रे गाढवा?" बाप म्हणाला, आणि खदाखदा हसला. त्या पडवीत कित्येक महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. त्यानं केलच्या डोक्यावरची टोपी खाली ओढली. "महाग पडली रे तुझी कोंबडी!"

संपलं. माफ. नेरिडानं केलला पाण्याच्या टाकीमागे गाठलं, तर तो म्हणाला, "मग जा ना, सांग. पण फाटकाचंही सांगावं लागेल हां." ती काही गेली नाही. बाप तिच्यावरही असाच हसला असता की पट्टा काढला असता, हे तिला आयुष्यात कधी कळलं नाही. आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. पावलं गेली ती केलच्या धिटाईमुळे नव्हे, आपल्या भित्रेपणामुळे, असं ती स्वतःला सुनवायची. मग लगेच केलला दुप्पट शिव्या घालायची.

केलचा फोटो पेपरात आला. फलक लागला. बापानं रान केलला दिलं, मुलगा होता म्हणून. पण दारू चढली की बाप म्हणायचा, "पोराची नजर बघा, नजर!" नेरिडानं कुंपणं घालणाऱ्या रॉस हॅस्लपशी लग्न केलं आणि तारा ओढून ओढून तिचे हात पुरुषासारखे झाले. रॉसला तिनं एकदा सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "बरं मग? त्या डायनासोरांना साक्षीला बोलावतेस?" त्यानंतर तिनं विषय काढला नाही. रॉस गेल्यावर पाऊलखुणा दाखवायला माणूस हवं होतं, तर ही पहिली जाऊन उभी राहिली. पावलांशेजारी राहायला मिळावं, इतकंच तिला हवं होतं. त्याची किंमत म्हणून रोज ते कोकरू गिळावं लागेल, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. केलनं तोवर रान विकून समुद्रकिनारी घर बांधलं होतं.

आणि एक दिवस केलचा फोन आला. आवाज जरा ओला होता. "नेरी, तिकडे नवं छप्पर झालंय म्हणे. मला बोलावलंय. मी बोलणार आहे गं. सगळ्यांसमोर. तुझं तुला देऊन टाकतो, मला आता झोप लागत नाही."

"घेतली असशील," ती म्हणाली.

"थेंब नाही. शपथ."

तिनं फोन ठेवला. सत्तरी उलटलेली बाई, पण कान तापले होते. त्या आठवड्यात तिनं केस कापून घेतले आणि निळा ब्लाउज दोनदा इस्त्री केला. पर्यटकांना कोकरू सांगताना तिला मनातून हसू फुटायचं. आता थोडेच दिवस.

त्या दिवशी नव्या छपराखाली अख्खं हॅलोरन लोटलं होतं. पावाच्या घडीत सॉसेज, कढत चहा, खोबऱ्याचा कीस लावलेले केकचे चौकोन. केलची मुलगी टॅनिया त्याला दंडाला धरून गाडीतून उतरवत होती. केल आक्रसला होता, शर्टाची बटणं वरखाली लागली होती. त्यानं नेरिडाकडे पाहून ओळखीचं हसू केलं, पण नाव काही घेतलं नाही.

"नेरी आत्या, तुला फोनवर सांगायला हवं होतं," टॅनिया हळूच म्हणाली. "बाबा नाताळापासून असेच आहेत. डॉक्टर म्हणतात, आता उतरणच. कधी छान असतात, कधी मलाच आई म्हणतात. आणि एक नवीनच खूळ. स्वतःचं सगळं वाटत सुटतात. परवा पोस्टमनला म्हणाले, हे घर तूच बांधलंस ना रे. नर्सला सांगतात, क्रिकेटचा कप तू जिंकलास, घेऊन जा. ती बिचारी घेऊन गेली आणि मागच्या दारानं परत देऊन गेली."

नेरिडानं पुन्हा केलकडे पाहिलं.

मेयर गार्थ लांबलचक बोलला आणि मग म्हणाला, "आता आपला दहा वर्षांचा मुलगा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. केल माइकपाशी उभा राहिला. खूप वेळ खडकाकडे बघत राहिला. टॅनिया त्याला बसवायला पुढे सरकली, तोच तो बोलला, आणि आवाज अगदी स्वच्छ होता.

"हे मी नाही पाहिलं. माझ्या बहिणीनं पाहिलं. नेरीनं. मला गालगुंड झालं होतं. तिनं एडक्यांचं फाटक उघडं टाकलं, बापाला घाबरली, बोलली नाही. मी तिचं घेतलं. आयुष्यभर घेऊन बसलो. हे तिचं आहे."

नेरिडाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं पुसलंसुद्धा नाही. साठ वर्षं वाट पाहिलेलं वाक्य, अगदी फाटकासकट.

मग मागून कुणी बाई म्हणाली, "अगं बाई, किती गोड!"

टॅनियानं माइक अलगद काढून घेतला. तिचेही डोळे भरले होते. "बाबांना माफ करा," ती म्हणाली. "हल्ली त्यांना सगळ्यांना सगळं देऊन टाकावंसं वाटतं. पण मन बघा त्यांचं. सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी बहिणीसाठी ठेवली." लोक उठून उभे राहिले. एवढ्या टाळ्या त्या घळीत कधी वाजल्या नव्हत्या, आणि त्या सगळ्या केलसाठी होत्या.

नेरिडा पुढे झाली. "टॅनिया, तो खरं बोलतोय."

"हो गं आत्या." टॅनियानं तिला मिठी मारली. "तू पण किती चांगली आहेस. डॉक्टर म्हणतात तसंच, त्यांना खोडायचं नाही."

"खोडत नाहीये मी! खरंच मी पाहिलं. फाटक मी उघडं टाकलं!"

हे तिनं जरा मोठ्यानं म्हटलं. जे बोलायला ती जन्मभर घाबरली, ते अख्ख्या गावासमोर बोलली. पुढच्या रांगेतला म्हातारा आर्ची, ज्याचं रान टनस्टॉलांच्या कुंपणाला लागून होतं, गुडघ्यावर थाप मारून ओरडला, "म्हणजे त्या कोकरांचे पैसे तुझ्याकडून वसूल करायचे तर, नेरी!" हशा उसळला. गार्थ तर डोळे पुसत हसला. "भावाला सांभाळून घेणं शिकावं तर हिच्याकडून," तो म्हणाला आणि तिच्या पाठीवर थोपटलं.

चहाच्या टेबलापाशी बायकांनी तिला घेरलं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. आमचा एक आहे, फोनसुद्धा करत नाही. नेरिडानं दोघींना पुन्हा सांगून पाहिलं. दोघींनी तिचा हात हातात घेतला आणि मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत दिसत होती ती दया. खोटं चालू होतं तोवर खरं काय ते निदान मनात तरी तिचं होतं. आता तेही केलनं तिला दिलेलं दान झालं होतं, आणि गाव ते दान कौतुकानं बघत होतं. तिला वाटलं, तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं.

केल कठड्याजवळ खुर्चीत बसला होता. टॅनिया फोटोसाठी कुणाशी तरी बोलत होती. नेरिडा त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"केल, मघाशी म्हणालास ते परत म्हण. या लोकांना बोलावते. परत एकदा म्हण."

"काय म्हणालो?"

"फाटकाचं."

"कुठलं फाटक?" त्यानं विचारलं. चेहरा कसा हलका, धुतल्यासारखा. त्यानं ओझं उतरवलं होतं आणि कुठे ठेवलं हेही विसरला होता. नेरिडाला त्याचा असा राग आला की तिनं कठडा दोन्ही हातांनी आवळून धरला, आणि ज्याच्यावर रागवायचं तो माणूस त्या खुर्चीत उरलाच नव्हता.

तिचे हात बघून केल कावराबावरा झाला. तिच्याकडे वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, मी तुमचं काही वाईट केलंय का?"

"हो," नेरिडा म्हणाली.

"फार?"

"फार."

मग तोडगा सापडल्यासारखा त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"मग असं करा, माझ्या बहिणीला सांगा," तो म्हणाला. "ती नाही बोलायची कुणाला. ती घेते सांभाळून."