एकादशीला उजळलेले पैंजण

चांदी काळी पडली म्हणजे घालणारीला कुणाची तरी नजर लागली, असं तुम्ही अजून मानता का? मानत असाल तर पुढचं वाचाच. मानत नसाल तर आणखी नीट वाचा, कारण आमच्या घरातही कुणी मानत नव्हतं आणि तरी माझ्या मावशीचे पैंजण वर्षानुवर्षं डब्यात काळे होत राहिले.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील चळवळीतले, घरात खेळणी कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरओळख झाली तीही ‘बंधू-भगिनींनो’ पासून. त्यामुळं मावसबहिणीच्या लग्नासाठी वडीगोद्रीला गेले तेव्हा भाषण तयारच होतं. विषय समोर होता. काका वारल्यावर मावशीनं पायातले पैंजण काढून ठेवले होते, आणि हळदीच्या आदल्या दिवशी नवरीनं हट्ट धरला: आई पैंजण घालून आली तरच मी पाटावर बसणार. मावशी म्हणाली, लोक काय म्हणतील. पोर म्हणाली, लोकांना जेवायला बोलावलंय, बोलायला नाही.

मी घसा खाकरला. मावशीनं हात वर केला.

“तू मंग बोल. आधी ते बघ, कसे काळेठिक्कर पडलेत. असले घालू का लेकीच्या हळदीला?”

हा अर्धा होकार होता. आम्ही दोघी बहिणी आनंदानं उडालोच.

डबा काढला. पैंजण रबरबँडनं करकचून आवळलेले, वर कागद गुंडाळलेला. कागद सोडवला आणि मथळा वाचला. ते माझ्या वडिलांनी काढलेलं पत्रक होतं, विधवांच्या सन्मानाबद्दलचं. चांदी काळी पडते ती गंधकानं. ते हवेत असतं, रबरात असतं, छापील कागदातही असतं. म्हणजे वडिलांच्या त्या तळमळीच्या पत्रकानंच मावशीचे पैंजण काळे केले होते. मावसबहीण हसत भिंतीला टेकली आणि तिथून खाली घसरली. मावशी शांतपणे म्हणाली, “कागद चांगला जाड होता, म्हणून ठेवला.” मग तिलाही हसू आवरेना.

मावशीचा जीव टूथपेस्टवर होता. मी ती हातातून काढून घेतली, कारण तिच्यातल्या खरखरीत कणांनी चांदीवर ओरखडे उठतात. परातीत पोळ्या गुंडाळायची फॉइल अंथरली, तिच्यावर मूठभर मीठ आणि तेवढाच खायचा सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं. पैंजण असे ठेवले की चांदी फॉइलला टेकलेली राहील. टेकली नाही तर काही होत नाही, टेकली की चांदीवरचं गंधक सुटायला लागतं. पाणी फसफसलं, काळपटपणा विरळ होत गेला, आणि वास सुटला. सडक्या अंड्याचा.

त्या दिवशी एकादशी होती. मावशी माळकरी. शेजारची भाभी मूळची राजस्थानकडची, पण कैक पिढ्या इथल्याच, आणि तिच्या चुलीवर लसूणही चढत नाही. दोघींच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर. मावशी ज्यांना ‘लोक’ म्हणत होती त्यातले निम्मे लोक म्हणजे एकटी भाभी. मावशीनं धावत जाऊन खिडकी लावली, पण तोवर भाभी नाकाला पदर लावून दारात आली होती.

“ए बाई, ग्यारसला अंडे उकडून राह्यली का?”

मावशी परातीसमोर आडवी उभी राहिली. म्हणाली, पोरीचे पैंजण धुवून राह्यलो. भाभीनं तिला बाजूला सारलं, चिमट्यानं एक पैंजण उचलला. लख्ख पांढरा निघाला होता. कानाशी नेऊन तिनं तो हलवला. घुंगरांत पाणी शिरलेलं, त्यामुळं आवाज बसका आला. उद्याची सगळी हळद त्या चिमट्याला लटकली होती.

“पोरीचे कायके? ये तेरे हैं,” भाभी म्हणाली. “सकाळी तू नळावर जायची, तवा यांच्या आवाजावर मी चहा ठेवायची. तू काढून ठेवले अन् माझा चहाचा टाइमच गेला. उद्या घालणार ना?”

मावशीनं डोळे पुसले. वासानं पाणी आलं, असं तिचं आजही म्हणणं आहे.

पाणी गरम आहे तर माझंही टाक, म्हणत भाभी स्वतःची चांदी पदरात घेऊन आली. मोत्यांची कानातली मी बाजूला काढली, कारण मोती आणि खडे या पाण्यात खराब होतात. नक्षीत मुद्दाम काळं भरलेलं एक कडंही काढलं, नाहीतर नक्षीचा उठावच गेला असता. बाकीचं परातीत गेलं आणि वास गल्लीभर झाला. आता भाभीच खिडकी उघडून सांगायला लागली की अंडं नाही, चांदी आहे.

एवढं जमल्यावर मला जोर चढला. मी डब्यातल्या जोडव्यांचाही विषय काढला. मावशीनं ती वेगळी ठेवली. म्हणाली, ही त्यांची. पैंजण माझ्या आईनं दिलेत.

पैंजण साध्या पाण्यातून काढले, मऊ सुती कापडानं टिपले, घुंगरं झटकून झटकून कोरडी केली. दुसऱ्या दिवशी मावशी ते घालून मांडवात आली. तिचे एक चुलत दीर मोठ्यानं खाकरले. भाभी त्यांच्याहून मोठ्यानं खाकरली. नवरी पाटावर बसली आणि पहिली हळद तिला आईनं लावली.

त्यानंतर मावशी एका जागी थांबेना. हळद समोर असताना हळद आणायला आत गेली. पाणी भरलेलं असताना पाणी बघायला गेली. पाहुण्यांनी न मागितलेला चहा विचारत फिरली. शेवटी नवरीच म्हणाली, “आई, आता बस की गं जरा.”

“बसल्यावर वाजत न्हाईत,” मावशी म्हणाली, आणि चमचा आणायला गेली.

तर एक करा. तुमच्या घरात, भावकीत, शेजारात जिनं नवऱ्यामागं आवडीचा दागिना काढून ठेवलाय, तिच्याकडं या आठवड्यात जा. कोणता हवा आणि कोणता नको, ते तिलाच विचारा. हवा तो तिच्यासमोर उजळून तिच्या हातात द्या, आणि पुढच्या कार्यात पहिली हळद तिच्या हातून लावून घ्या.