पृथ्वीचा नाद आणि सिस्टरचे कान

दातांच्या दवाखान्यातल्या सिस्टर कानांनी काम करत. पार्टिशनबाहेर टेबलाशी बसायचं, फोन घ्यायचे, पेशंटला दटावायचं. आत ड्रिल थांबून दात कोरडा करायच्या हवेचा फुस्स ऐकू आला, की काचेवर पावडर आणि द्रव घोटून सिमेंट आत न्यायचं. घाई करून आधीच घोटलं तर त्याचा दगड होतो. मोठ्या डॉक्टरांना कधी हाक मारावी लागली नाही, याचा सिस्टरना भलताच तोरा होता.

मोठे डॉक्टर गुडघ्यांपायी घरी बसले आणि दवाखाना सुनेकडे आला. तिने आल्याआल्या भिंतीवर स्पीकर ठोकला. दिवसभर घों घों, आणि मधूनच फुस्स.

"हे काय लावलंय?"

"पृथ्वीचा नाद, सिस्टर. विजांच्या लहरी जमीन आणि आभाळाच्या मध्ये घुमत असतात. मूळचा कानाला ऐकू येत नाही, म्हणून वर चढवलाय. वाऱ्याचा आवाज वरून घातलाय. मन शांत होतं."

"ऐकू येत नव्हता तेच बरं होतं की! कशाला चढवायचा?"

सूनबाई हसली नाही. सिस्टरही त्यासाठी बोलल्या नव्हत्या.

त्या आठवड्यात सिस्टरनी दोनदा सिमेंटचा दगड आत नेला. स्पीकरमधल्या वाऱ्याला त्या हवेचा फुस्स समजल्या होत्या. पण हे कबूल करतील तर त्या सिस्टर कसल्या!

"वय झालं तुमचं," सूनबाई पेशंटदेखत म्हणाली. "कान तपासून घ्या. पुन्हा असं झालं तर एक तारखेपासून दुसरी मुलगी बघते."

या वयात दुसरीकडे कोण ठेवणार? घरी नवरा बिनकामाचा, तोंडाने मात्र तिखट. दिवसभर त्याच्यासमोर बसायचं या कल्पनेनेच सिस्टरच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी ड्रिल सुरू होताच त्यांनी स्पीकरची वायर उपटली.

खुर्चीत एक धिप्पाड कंत्राटदार होता. तो ताडकन उठला, लाळेरं गळ्यात तसंच.

"ते घों घों लावा आधी! नाहीतर मी चाललो."

"बसा हो! एवढा मोठा माणूस..." सिस्टरनी दटावलं.

"मोठा असलो म्हणून दुखत नाही का मला?"

पोकळ दात घेऊन पेशंट पळाला असता तर गावभर बोभाटा झाला असता. सूनबाईने दात-ओठ खात वायर जोडली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला, की घोळ सिस्टरच्या कानांचा नव्हे, स्पीकरमधल्या फुस्सचा होता.

"सिमेंट केव्हा घोटायचं ते मी सांगेन. माझ्या हाकेशिवाय हात लावायचा नाही."

म्हणजे नोकरी राहिली. आणि तोरा गेला. सिस्टर काच पुढ्यात घेऊन बसल्या. कंत्राटदार घोरण्याच्या बेतात आला होता.

"सिस्टर, घोटा," आतून आवाज आला.

स्वच्छ ऐकू आला.

"काय म्हणालात?"

"सिमेंट घोटा!"

"या घों घोंमध्ये काही कळत नाही बाई. जरा जोरात बोला."

सूनबाई ओरडली. कंत्राटदार दचकून जागा झाला. सिस्टर सावकाश पावडर मोजू लागल्या.