मोहाखालची चोरी

रायसिंगला बसवत नसे. गोठ्यातून तो शेताकडे जाई, शेतातून कुणाच्या तरी अंगणात, आणि प्रार्थना चालू असतानाही त्याचा एक पाय हलत राही. नवापूरपलीकडच्या डोंगरातल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने त्याला वडील, म्हणजे सगळ्यांची देखरेख करणारा, नेमलं, ते त्याच्या शहाणपणासाठी नव्हे. घरोघर हिंडणारा दुसरा कुणी नव्हता म्हणून.

एकोणीसशे चौतीसच्या चैत्रात त्याच्यावर नको ते काम आलं. विधवा रेवाबाईच्या मोहाखालची फुलं पहाटे कुणी तरी वेचून नेत होतं. डोंगरात मोहाचं झाड कुणाचं हे ठरलेलं असतं, आणि खाली पडलेलं फूलही त्याच घरचं. ही फुलं वाळवून पावसाळ्यात खायची. नेणारा होळ्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. होळ्या मंडळीतलाच. अशा वेळी वडिलाने आधी एकट्याने जाऊन समजवायचं, ही रीत. त्याने ऐकलं नाही, तर रविवारी पाळक प्रभुभोजनाची भाकर मोडायला आले की सगळ्यांपुढे नाव निघणार आणि तो मंडळीबाहेर होणार. बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावांनी होळ्याला टाकलं होतं. आता मंडळीनेही टाकलं, तर त्याच्या घरच्या मयताला खांदा द्यायला कुणी उरणार नव्हतं.

रायसिंग गेला तेव्हा होळ्या अंगणात टोपली विणत होता. त्याच्या बायकोने लोट्यात पाणी आणलं. ज्याला बोल लावायचे त्याच्या घरचं काही घेऊ नये, असं रायसिंगला वाटलं.

"पाणी नको," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "रेवाबाईची फुलं तू नेतोस. कबूल कर."

होळ्याने बायकोच्या हातातला लोटा घेऊन अंगणात उपडा केला. "नेतो. जा, सांग पाळकाला."

घरी रायसिंगच्या बायकोने, रूपीबाईने, सगळं ऐकलं आणि भाकरी थापता थापता थांबली. "पाणी न घेता बोललास? सोयरीक मोडायला आलेला माणूस पाणी घेत नाही. तू समजवायला गेलास की तोडायला?"

"मी वडील आहे."

"मग वडिलासारखा बस ना कुठे तरी!"

शनिवारपर्यंत तो होळ्याच्या घरावरून जात-येत राहिला. पाय वळत नव्हते. शनिवारी मात्र सकाळीच जाऊन अंगणात बसला.

"पाणी दे."

"चोराच्या घरचं चालतं होय तुला?" म्हणत होळ्या आत गेला. पाणी आलं नाही. ऊन चढलं. रायसिंगचा पाय हलत होता, डोकं जड झालं होतं, पायाशी कोंबड्या उकरत होत्या. उठून पळावं असं त्याला पुन्हा पुन्हा वाटलं. दुपार कलताना होळ्या दारात आला.

"ऊठ दादा. ऊन लागून मेलास, तर तेही माझ्याच नावावर घालतील."

"मग पाणी दे."

बायकोच लोटा घेऊन आली. रायसिंग प्यायला. जे बोलायचं ठरवलं होतं ते त्याला आठवेना. होळ्याच बोलला. "बापाचे मोह होते. भावांनी एक झाड दिलं नाही. रेवाबाईकडे मागायला तोंड कुठून आणू?"

बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याचा हात धरून रायसिंगनेच त्याला नदीत उतरवलं होतं. झाडांचं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

"चल तिच्याकडे. मी येतो बरोबर."

रेवाबाईने होळ्याला वर-खाली पाहिलं. "फुलांचं राहू दे. पडलेली फुलं दिसावीत म्हणून पाला जाळतोस, ती आग खोडापर्यंत नेतोस. साल होरपळली बघ. चोरी तरी नीट कर!"

"चुकलं, काकी."

"चुकलंच. आता पहाटे आलास की मला हाक मार. जाळ मी सांगेन तिथे करायचा. फुलं निम्मी तुझी."

"आणि आधी नेली ती?" रायसिंगने विचारलं.

"ती त्याच्या पोरांच्या पोटात गेली. काढतोस बाहेर?"

रविवारी भाकर मोडण्याआधी पाळकांनी विचारलं, कुणाविषयी काही सांगायचं आहे का. रायसिंग उभा राहिला. माना होळ्याकडे वळल्या.

"होळ्याने चूक रेवाबाईजवळ कबूल केली. ते मिटलं," रायसिंग म्हणाला. "पण त्याला झाड नाही. आपल्यात आला म्हणून गेलं. त्याचं आपण काय करायचं?"

कुणी खोकलं. पाळकांनी भाकर मोडली. होळ्याने आपला तुकडा घेतला. फिरत फिरत ताट रायसिंगपाशी आलं, तेव्हाही तो उत्तराची वाट पाहत उभाच होता.